आत्याबाई म्हणायच्या, वाढलं

महिन्याचं सामान भरायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरात एक ठरलेलं काम असायचं. सासूबाई आतल्या खोलीत डब्यांच्या रांगेपुढे उभ्या राहायच्या आणि मी उंबऱ्याबाहेर. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवेलागणीला आत नुसता काळोख, त्यात त्यांचं पांढरं पातळ तेवढं अंधूक दिसायचं. मी एकेका वस्तूचं नाव घ्यायची आणि आतून उत्तर यायचं. हाय. थोडं हाय. आण. ती उत्तरं मी बोटांच्या पेरांवर धरायची आणि दुसऱ्या दिवशी मालकांच्या गाडीवर मागे बसून नगरला जायची.

हे काम माझ्याकडे दिलं याचं मला फार वाटायचं. मी भंडाऱ्याकडची, तलावाच्या काठची, भात खाणाऱ्या मुलखातली. शाळा सातवीत सुटली. लग्नात माझ्या बापाला काही देता आलं नाही. इकडे पोरींची वाण म्हणून एवढ्या लांबची केली, असं बायका माझ्यासमोरच बोलायच्या आणि मी ‘हो जी’ म्हटलं की तोंडाला पदर लावायच्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा नळावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की ही माझी पोर हाय, हिला हसायचं आसंल तर आधी मला हसा. त्यानंतर त्यांच्यासाठी मी काहीही केलं असतं. पण माझी भाकरी तव्यावर पोचायच्या आत फाटायची. म्हणून स्वयंपाक त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि पाणी, धुणं, शेळ्या आणि बाजार माझ्याकडे आला.

पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. घरची जमीन कंपन्यांच्या एरियात गेलेली, त्याच एरियात मालक कंत्राटी कामाला. त्यामुळे ज्वारीसुद्धा विकतची. गावच्या दुकानातून पाव-पाव किलो आणलं की महिनाअखेर डोळे पांढरे व्हायचे, म्हणून मी नगरच्या पेठेतून एकदम आणायचं ठरवलं. डाळ सुटी घ्यायची, पिशवीतली नाही. साबणाची मोठी वडी आणून घरी दोऱ्यानं कापायची. मोठ्या मार्टात एकदाच गेलो. तिथं दारातच चाकाची गाडी हातात देतात, आणि ती रिकामी ढकलायची आपल्यालाच लाज वाटते. परत गेलो नाही. माझ्या बोलण्यातलं ‘जी’ ऐकून पेठेतला दुकानदार मला बघितलं की म्हणायचा, आल्या बघा ‘जी’वाल्या ताई, आज आमचं काही सुटत नाही.

दिवाळी झाल्यावरच्या महिन्यात पहिल्यांदा ते उत्तर आलं. मी विचारलं, तूरडाळ? आत डब्याचं झाकण वाजलं. मग त्यांचा आवाज आला.

“वाढली.”

मला वाटलं नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच, वाढली गं. मी मनात म्हटलं, मागची उरली असेल, जास्त झाली असेल. बरंच झालं. डाळ आणली नाही. मालकांना सांगितलं की डाळ घरात वाढलीय, तर ते हसले आणि म्हणाले, तुझा पायगुण. उरलेले पैसे त्यांनी सिलिंडरसाठी बाजूला ठेवले.

पायगुण हा शब्द मी दिवसभर तोंडात घोळवला. इतक्या लांब येऊन कुणी तरी माझ्या पायांना काही चांगलं चिकटवलं होतं.

पुढच्या वेळी शेंगदाणे वाढले. गूळ वाढला. मग एका संध्याकाळी ज्वारी वाढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमच्या घरात बरकत हाय बाई, आमच्याकडं तर पंधरवड्यात डबा वाजतो. मी हसले. पण तोपर्यंत मला दुसरी गोष्ट दिसायला लागली होती. डबे वाढत होते आणि आत्याबाई वाळत होत्या.

त्यांच्या हातातली कडी आधी मनगटाला बसायची, ती आता भांडी उचलताना कोपरापर्यंत सरकायची. पोलक्याची बाही दंडावर पिशवीसारखी लोंबायची. विचारलं तर म्हणायच्या, ऊन लागतंय, दुसरं काय. जेवायला त्या आमच्याबरोबर कधीच बसत नव्हत्या. तुमचं होऊ द्या, मग बघते, असं म्हणायच्या. त्यांचं बघणं मी कधी बघितलं नव्हतं. आमटी हल्ली पाण्यासारखी असायची, पण मला वाटायचं, नगरकडची माणसं पातळच खात असतील. आपण भात खाणारी, आपल्याला काय कळतंय.

आणि एक आवाज असायचा. मी शेळ्या बांधून परत यायची तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आत धान्य ओतल्याचा आवाज व्हायचा. जोरात नाही. कुणी तरी वाळूची मूठ हळूहळू सोडावी तसा. घरात धान्य आणणारी मी एकटी, आणि मी तर काही आणलेलं नसायचं. मग दार उघडून आत्याबाई बाहेर यायच्या. पदर झटकायच्या आणि माझ्याकडे न बघता चुलीकडे जायच्या.

माहेरी आमच्या आजीची एक समजूत होती. रास वाढायला लागली की तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की ती थांबते, आणि मग जिच्यामुळे वाढली तिच्यावर उलटते. लहानपणी मी तिला हसायची. आता आतल्या खोलीजवळून जाताना मान दुसरीकडे वळवायला लागले. डबा उघडून बघायचा विचार रोज यायचा आणि रोज मी तो ढकलायची. बघितलं आणि वाढ थांबली तर पायगुणही गेला. नाही बघितलं तर आत्याबाई अशाच कमी होत जाणार. कारण एव्हाना माझ्या मनानं घेतलं होतं की ती खोली फुकट काही देत नाही. जेवढं डब्यात घालते तेवढं त्यांच्या अंगातून काढते.

हे कुणाला सांगू? मालकांना सांगितलं असतं तर ते हसले असते. माहेरी फोन केला की आई विचारायची, खायला-प्यायला आहे ना व्यवस्थित? मी सांगायची, लई आहे, वाढतंय. तिकडे ती देवाला हात जोडायची.

ज्वारीची काढणी उरकत आली होती तेव्हाची गोष्ट. सामान भरायची आदली संध्याकाळ. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. ज्वारी म्हटलं, वाढली. डाळ, वाढली. दाणे, वाढले. तेल तेवढं आण म्हणाल्या, आणि चहापावडर. या वेळी आवाज खालून येत होता, जमिनीजवळून. मी वाकून बघितलं. त्या डब्याला टेकून खाली बसल्या होत्या. बसून बोलायची त्यांची कधीच पद्धत नव्हती. मी म्हटलं, आत्याबाई, बरं वाटत नाही का जी? त्या म्हणाल्या, पाय दुखत्यात, तू जा.

दुसऱ्या दिवशी मालकांची पहिली पाळी होती, ते आल्यावर नगरला जायचं होतं. दुपारी धुणं वाळत घालून मी आत आले तर आत्याबाई घरात नव्हत्या. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. आतल्या खोलीचं दार सताड उघडं. मी उंबऱ्यावर बराच वेळ उभी राहिले, मग मोबाईलची बॅटरी लावली आणि पाय आत टाकला.

पहिला डबा डाळीचा. मी डोळे मिटून झाकण काढलं, मग उघडले. तळाला मूठभर डाळ होती. मूठभरच, मधोमध, कुणी जपून ठेवल्यासारखी. दाण्यांचा डबा, तसाच. गुळाच्या डब्यात बोटाएवढा खडा. प्रत्येक डब्याच्या तळाशी तेवढंच. बॅटरी फिरवली तशा भिंतीवर डब्यांच्या सावल्या फिरल्या. मला वाटलं, मी बघितलं म्हणून हे झालं. आत्ता, या क्षणी, माझ्या बघण्यानं सगळं आटलं.

ज्वारीच्या डब्यात तेवढी जरा जास्त ज्वारी होती. पण ती मी आणलेली नव्हती. पेठेतली ज्वारी स्वच्छ, टपोरी. हिच्यात माती होती, कणसाचा भुसा होता, काही दाणे पाखरांनी टोचलेले. हात घातला तर दाणे गार लागले. ही ज्वारी कुणाची आणि घरात आली कशी? झाकण तसंच टाकून मी बाहेर पळाले.

काकू ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, तुझी सासू रोजच जाती की त्या अंगाला, मळ्याकडं. तुला ठाव न्हाई व्हय?

मळ्याकडे काढणी झालेली रानं होती. कापलेल्या ज्वारीची धसकटं पार वर टेकडीपर्यंत उभी, आणि माणूस कुठे नाही. वारा पडलेला. मी बांधावर उभी राहून बघत होते तेव्हा लांब, रानाच्या मधोमध, काही तरी वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. डोक्यावरून पांढरा पदर, तोंड दिसत नाही. दोन पावलं पुढे, वाकणं, उठणं. उन्हाच्या झळांमध्ये तिला पायच नसल्यासारखे वाटत होते. चालण्यावरून मी ओळखलं, तरी हाक मारायला तोंड उघडेना. ओळखीचं माणूस आहे म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

शेवटी मी धसकटांतून चालत गेले. पायाला ओरखडे उठले. जवळ गेल्यावर दिसलं, त्यांनी पदराची झोळी केली होती आणि तिच्यात पडलेली कणसं होती, अर्धी, चुरलेली.

“इथं काय करता जी?”

“सरवा येचते,” त्या म्हणाल्या. काढणीनंतर रानात राहिलेलं वेचायचं, त्याला इकडे सरवा म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

“पण घरी ज्वारी वाढलीय ना?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू उन्हानं माझं डोकं फिरलंय.

“वाढलीय म्हणून तर येचते.”

माझ्या डोक्यात काही तरी फार हळू फिरलं. बांगडी फुटली की वाढली म्हणतात, हे मला माहीत होतं. कुंकवाचंही माहीत होतं. डाळीचं नव्हतं. आमच्या घरी तांदूळ सरले की सरले म्हणायचे.

मी म्हटलं, “म्हणजे सर...”

त्यांनी मातीनं भरलेला हात माझ्या तोंडावर ठेवला.

“त्या शब्दानं न्हाई म्हनायचं, पोरी. घरातलं धान्य ऐकतं.”

त्या हे इतक्या हळू म्हणाल्या की मी मागे वळून बघितलं. रानात दुसरं कुणी नव्हतं.

मग मी सांगितलं. अडखळत, रडत, सगळं सांगितलं. मला काय वाटत होतं, पायगुण, बरकत, आतल्या खोलीतला आवाज. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. हसता हसता खाली बसल्या. त्यांना वाटलं होतं की पोराचा पगार कापलाय, सूनबाईला सांगायला लाज वाटतेय, म्हणून सांगूनही ती सामान आणत नाही. पोरगं पायगुण पायगुण म्हणून हसतं, ते आडून बोलतंय. मग उगाच कशाला विचारून तुमचं तोंड पाडायचं, असं म्हणून त्यांनी आधी आपली भाकरी अर्धी केली, मग चतकोर केली, मग तुरीच्या, ज्वारीच्या रानात सरव्याला जायला लागल्या. तळाची मूठ मात्र कधी काढली नाही. डबा पुरता रिता करायचा नसतो.

“उठा, घरी जाऊ,” मी म्हटलं.

त्यांनी उठायला हात टेकला आणि तो तसाच राहिला. ओठांवर पांढरी पापडी होती. मी काखेत हात घालून त्यांना उचललं. एवढ्या हलक्या लागल्या की माझा तोलच मागे गेला.

घरी येईपर्यंत मालक आले होते, पिशव्या गाडीला अडकवून उभे. आत्याबाईंनी वाटेतच मला बजावलं होतं की त्याला काय सांगायचं न्हाई. मी त्यांना गूळपाणी दिलं, ओट्यावर बसवलं, आणि मालकांना सगळं सांगितलं. आत्याबाईंचं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

मालकांनी पिशव्यांचे बंद चाळवले. मग म्हणाले, “आई, मला इचारायचं तरी.”

“तू इचारलंस का कधी, मी काय खाते?”

आम्ही नगरला गेलो आणि सगळं आणलं. दुकानदार म्हणाला, जीवाल्या ताई, आज काय लगीन हाय का घरात? मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मालकांनी सांगितलं की आई बसल्याशिवाय मी ताटाला हात लावणार नाही. आत्याबाई माझ्यावर रागावलेल्या होत्या, माझ्याशी बोलत नव्हत्या, पण बसल्या. घट्ट आमटी, आख्खी भाकरी. त्या एकेक घास इतका हळू चावत होत्या की जणू एकही घास त्यांच्या ओळखीचा नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीत सरसर झालं. धान्य ओतल्यासारखं. उंदीर असंल, मालक म्हणाले. डबे भरलेले होते, झाकणं मी स्वतः दाबून लावली होती. आत्याबाईंनी त्या दाराकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. त्यांच्या ताटातली भाकरी संपेपर्यंत मी फक्त त्यांच्या हाताकडे बघत बसले.