दिलं ते दिलं

श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीत काकू एकटी राहते. तिच्याइतकी सरळ बाई अख्ख्या तालुक्यात सापडायची नाही, आणि यंदाच्या गणपतीत आमची पंचाईत झाली ती त्यामुळेच.

आमचं घर आळीच्या टोकाला. चतुर्थीला भटजी पोचेपर्यंत दुपार टळायची, म्हणून काकांनी एका वर्षी सगळी पूजा काकूच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवली. मंत्र काकांचे, खोकलाही काकांचाच. दूर्वा वाहून झाल्या की मध्येच हुकूम सुटतो, "अगं, चहा टाक." काका गेल्यापासून दर चतुर्थीला मी गावी येतो आणि ही पूजा लावूनच गणपती बसवतो. तेवढं चहाचं वाक्य काढून टाकू का, असं एकदा विचारलं, तर काकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी ती पूजा मागितली. आमच्याकडे रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यावर चढल्यावर, तीही लहर लागली तर. म्हणून मी काकूला ब्लूटूथ शिकवलं. तिने दोन्ही मोबाइल पाटावर शेजारी ठेवले आणि वर पदर धरला. वाऱ्याने उडून गेलं तर?

यंदा सोवळं नेसून बसलो आणि मोबाइल मागितला. पूजा नव्हती.

"वहिनींना दिली ना," काकू शांतपणे म्हणाली. "मग आपल्याकडची पुसली. दिलेली वस्तू परत घरात ठेवायची, तर देणं कसलं? आणू की मागून. विरजण नाही आणत?"

मी कपाळाला हात लावला. पण संगणकाच्या नोकरीचा पगार घेणाऱ्या मी तरी कुठे प्रत ठेवली होती? काकूकडे आहे, या भरवशावर मी निवांत.

सोवळ्यातच वहिनींकडे पळालो. त्यांनी ती मासळीवाल्या ताईंना दिली होती. "आणि मग पुसली. काकूंनी तसंच सांगितलं होतं," वहिनी अभिमानाने म्हणाल्या.

परत येऊन काकूला सांगितलं, तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला. "तिनेही पुढे दिली असेल तर?" ती म्हणाली. "मग ते कुठे सापडायचे रे?" पूजेला 'ते' म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वहिनी ताईंना घेऊनच आल्या. "हाय माझ्याकडं," दारातूनच ताई म्हणाल्या. "कोनी मागितलीच न्हाय, मंग पुसू कशाला?"

पुन्हा पाट, पुन्हा पदर. पूजा आमच्या मोबाइलमध्ये आली. रीतीप्रमाणे ताईंनी आपल्याकडची पुसायला बोट उचललं, तर काकूने त्यांचं मनगटच धरलं.

"राहू दे गं. तुझ्याकडेही राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तूही घे. वहिनींनाही दे."

इतक्या वर्षांचं तत्त्व एका मिनिटात मोडलं, पण ते बोलून दाखवण्याची माझी छाती नव्हती. मी पूजेला बसलो. ताई, वहिनी उंबऱ्याशी टेकल्या. दूर्वा संपत आल्या तशी काकू हळूच उठून आत गेली. काका खोकले.

"अगं, चहा टाक."

"टाकलाय," काकू आतून म्हणाली.