हाक मारली

दौलतचा आवाज म्हणजे भोंगाच. आखातात, मुहैस्नाहच्या कामगार छावणीत तो एका टोकाला शिंकला की दुसऱ्या टोकाची माणसं जागी व्हायची. दापोलीकडचा गडी, माझ्या माहेरच्या गावचा, म्हणून हक्काने मला ताई म्हणायचा. मी बांधकाम कंपनीच्या ऑफिसात होते आणि हा आमच्याच साइटवर परांची बांधायचा. दहाव्या मजल्यावरून खालच्या माणसाला बोलवायला त्याला फोन लागत नसे.

२००८ सरता सरता मंदी आली आणि क्रेन जागच्या जागी थांबल्या. दौलत आणि त्याचा गाववाला इद्रीस, दोघांपैकी एकालाच ठेवायचं ठरलं. रात्री मेसमध्ये दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इद्रीस परांचीवरून पडला. वर त्याच्याजवळ फक्त दौलत होता.

पोलिसांनी दौलतला नेलं. शुद्धीवर न आलेल्या इद्रीसला कंपनीने स्ट्रेचरवरून गावी धाडलं, आणि मग कंपनीच खलास झाली. मी शहनाझ नावाची वकील गाठली. तिने दौलतचा जबाब वाचून दाखवला : 'मी त्याला मारलं.' खाली सही.

तुरुंगात काचेपलीकडच्या दौलतवर मी ओरडलेच, "असं बोललासच कसा तू?"

"मी कुठं असं बोललो, ताई? त्यांनी विचारलं, क्या किया. मी म्हटलं, मैंने उसको हाक मारा."

मी कपाळावर हात मारला. आम्ही मराठी माणसं हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, वेळ आली तर फेरफटकाही मारतो. असल्या मारण्याने आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या दीडशहाण्या दुभाष्याला 'हाक' कळली नाही आणि 'मारा' तेवढं कळलं. तेच अरबीत गेलं.

"आरोपी तो अब कुछ भी बोलेगा," शहनाझ म्हणाली. "कोर्ट को इद्रीस का स्टेटमेंट चाहिए. इंडिया से मंगवाएंगे, इन्शाल्ला."

इद्रीस आता शुद्धीवर होता, पण कमरेखाली लुळा. इथल्या कोर्टाची विनंती मंत्रालयातून दिल्लीला जाणार, तिथून दापोलीच्या कोर्टात, आणि त्याचा जबाब त्याच वाटेने परत येणार. मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं अरबी. मला धडकीच भरली. वाटेत पुन्हा कुणी नुसतं 'मारली' एवढंच उचललं तर? भांडणाचा राग धरून इद्रीस भलतंच बोलला तर? जबाबाआधीच तो गेला, तर दौलतवर खुनाचाच खटला.

दौलत महिन्यामहिन्याने वाळत चालला होता. एकदा तो हळूच म्हणाला, "इद्रीस खरं बोलेल, त्याचीच भीती वाटते, ताई."

मी चरकले. म्हणजे खरं काय होतं? विचारायची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून मला दौलतचीही भीती वाटू लागली. ज्याच्यासाठी धावतेय त्याने खरंच ढकललं असेल, हा विचार अल बर्शातल्या माझ्या घरी येईपर्यंत पाठ सोडत नसे.

जबाब आला तेव्हा २०१० उजाडलं होतं. दापोलीच्या भाषांतरकाराचं भलं होवो, त्याने हाकेची हाकच ठेवली होती. इद्रीसने सांगितलं होतं : 'दौलतने चहाला हाक मारली. रात्रीच्या भांडणानंतर तो आपणहून बोलेल असं वाटलं नव्हतं. मी चटकन मागे वळलो आणि फळीवरून पाय सुटला.'

दौलत सुटला. पुढे उम्म अल कुवैनला एका वर्कशॉपमध्ये लागला. मी आणि माझी लेक समिधा त्याला भेटायला गेलो होतो. निघताना चहाच्या टपरीवर माझी पर्स राहिली. आम्ही रस्ता ओलांडून बरंच पुढे आलो, तेव्हा दौलत धापा टाकत धावत आला, वळसा घेऊन समोर उभा राहिला आणि पर्स पुढे केली.

"ही कुड हॅव जस्ट कॉल्ड यू, मम्मा," समिधा म्हणाली.

"खरंच की! अरे, एवढा भोंगा तुझा, हाक मारायची ना!"

"पर्स दिसली तेव्हा रस्त्याच्या मधोमध होतात, ताई," तो जेमतेम ऐकू येईल असं बोलला. "मागं वळला असतात."