रेघेवर बसणारे नाना

अन्याय उत्तमनानांवर झाला. शिवजयंतीनंतरच्या पहिल्या रविवारी, टाकीच्या मैदानावर, कबड्डीचा अंतिम सामना संपल्यावर आणि बक्षीस वाटप सुरू होण्याआधी. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की, उत्तमनाना यापुढे या मैदानावर रेघेवर बसणार नाहीत, कारण त्यांनी गल्लीशी गद्दारी केली. मी तिथं होते. शाळकरी पोर होते, पण होते. आणि हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तिथं होते.

ज्यांनी नानांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नाना एसटीत कंडक्टर होते. मूळचे करमाडचे, लग्नानंतर आमच्या गल्लीत राहायला आले ते इथलेच झाले. रात्र कन्नडलाच काढावी लागणारी मुक्कामी गाडी कुणालाच नको असायची. ती नाना मागून घ्यायचे आणि बदल्यात रविवार मोकळा ठेवायचे. रविवारी दुपारी गल्लीत त्यांची शिट्टी वाजली की आम्ही पोरंपोरी चपला शोधत बाहेर पळायचो. सामना कबड्डीचा असो की खो-खोचा, टाकीच्या मैदानावर असो की पार छावणीच्या बाजूला, नाना आम्हाला चालवत न्यायचे. पिशवीत कन्नडहून आणलेले हरभऱ्याचे डहाळे असायचे. मैदानाच्या कठड्यावर आम्हाला ओळीनं बसवताना त्यांच्यातला कंडक्टर जागा व्हायचा. "पुढं सरका, पुढं सरका, मागं लई जागा हाय." मोठी माणसंसुद्धा सरकायची.

मुलींनी कबड्डी बघायला जाणं आमच्या घरात पसंत नव्हतं. आजोबांनी एकदा नानांना तसं सुनावलं. नाना म्हणाले, "काका, गाडीत बाईमाणसाला जागा राखीव असती. मैदानात का नाय?" त्यानंतर कठड्याचं पहिलं टोक मुलींचं ठरलं, ते नानांनी शेवटपर्यंत राखलं.

त्यांचा एक कायदा कडक होता. समोरच्या संघाला कुणी शिवी घातली की त्याला कठड्यावरून खाली उतरवायचं. "उतर. तुझा स्टॉप आला." तो उतरला की थोड्या वेळानं स्वतःच हात देऊन वर ओढायचे. एकदा गल्लीतलाच एक टवाळ मोठ्यानं म्हणाला, नाना, आमचं पण तिकीट फाडा की. नानांनी मानही वळवली नाही. "तुझं अर्धंच फाडावं लागंल. अक्कल अजून बारकी हाय." सगळा कठडा हसला, तो टवाळही हसला.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. स्थानिक सामन्यांना पुरेसे पंच नसायचे. शिट्टीवाला एक पंच असायचा, पण बाजूच्या रेघेवर लक्ष ठेवायला माणूस प्रेक्षकांतून घ्यायचे. दोन्ही संघांचे कप्तान गर्दीत यायचे, दोघांनाही मान्य असलेल्या माणसाचे दोन दंड दोघं धरायचे आणि त्याला रेघेपाशी नेऊन बसवायचे. एकदा बसवला की त्याचा शब्द अखेरचा. वाद नाही, अपील नाही. टाकीच्या मैदानावर कुठलेही दोन संघ असोत, दंड नानांचे धरले जायचे. मी एकदा विचारलं होतं की, इतक्या झटापटीत तुम्हाला कळतं कसं? ते म्हणाले, "मी गड्याचं तोंड बघतच नाय. मी फक्की बघतो." फक्की म्हणजे रेघा आखायची पांढरी पूड. खेळाडूचं तोंड बघितलं की तो आपला की परका ते आठवतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या रविवारी अंतिम सामना आमची गल्ली विरुद्ध करमाड असा होता. नाना स्वतः आमच्या कप्तानाला म्हणाले की आज दुसरा माणूस घ्या, ते माझं गाव आहे. कप्तान हसला. म्हणाला, नाना, तुम्ही आमचे आहात. करमाडच्या कप्तानानंही दुसरा दंड धरला. हे नीट लक्षात ठेवा. त्यांना तिथं आपण नेऊन बसवलं.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. आमचा किशोर चढाईला गेला. तो गल्लीचा हिरो. त्याच्यासारखे केस ठेवायला पोरं न्हाव्याकडे भांडायची. त्यानं कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि झेप घेऊन परत आला. गल्ली नाचायला लागली. ढोल सुरू झाला. नानांचा हात वर होता.

पंचानं येऊन विचारलं. नाना म्हणाले, "आधी पाय बाहेर, मग हात. गडी बाद."

मी कठड्याच्या पहिल्या टोकाला होते, रेघेच्या अगदी वर. किशोरची टाच फक्कीच्या पलीकडे पडलेली मी पाहिली. मी ओरडून सांगितलं. मागून कुणीतरी माझी वेणी ओढली आणि म्हणालं, पोरीला काय कळतंय, गप बस. किशोर खाली मान घालून स्वतःच्या पायाकडे बघत होता. तो बोलला नाही.

करमाड जिंकलं. मग अध्यक्ष, मग लाउडस्पीकर, मग ते वाक्य. कुणीतरी विचारलं, काय नाना, करमाडला सोयरीक जमवली का? नाना उठले, पँटवरची पांढरी पूड झटकली आणि एवढंच म्हणाले, "गाव माझं हाय, व्हय. रेघ माझी नव्हती." आणि चालू लागले. आम्हा पोरांना न घेता ते मैदानातून परतले, असं पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर रविवारी ते फर्दापूरची गाडी घ्यायला लागले. आम्ही दाराशी गेलो तर म्हणायचे, "मैदान कुठं पळालं का? जावा तुम्ही." आम्ही काही दिवस गेलो. रेघेवर आता मंडळाचीच पोरं बसायची. प्रत्येक सामन्यात हाणामारी, प्रत्येक निकालावर शंका. बाहेरचे संघ यायचे थांबले. करमाड पुन्हा कधीच आलं नाही. मग सामनेच बंद पडले आणि मैदानात मांडव लागायला लागले. निवृत्त झाल्यावर नाना भाजी आणायलासुद्धा टाकीच्या मैदानाला वळसा घालून जायचे. गुडघे दुखत असताना.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. किशोरनं खांदा दिला. तो स्मशानातून परतताना मी त्याला गाठलं आणि त्या टाचेचं विचारलं. तो म्हणाला, "पाय बाहेर व्हता, मला म्हाईत हाय. पण आता काय उपयोग? माणूस गेला."

आता मंडळ पुन्हा सामने भरवतंय आणि करंडकाला नानांचं नाव देतंय. चौकात फ्लेक्स लागलाय. नानांचा फोटो, हार, खाली अध्यक्षांचा हात जोडलेला त्याहून मोठा फोटो. ते वाक्य मात्र कुणी मागे घेतलेलं नाही. गद्दार म्हणून हाकललेल्या माणसाच्या नावानं करंडक वाटायला लाज कशी वाटत नाही, हे मी अध्यक्षांना तोंडावर विचारलंय. उत्तर आलं की, जुनं उकरू नकोस.

जुनं कुणासाठी? नानांच्या बायकोनं, काकूंनी, परवा मला पायरीवर बसवून विचारलं, "तू व्हतीस ना गं तिथं? खरंच पाय बाहेर व्हता का?" मी हो म्हटलं.  काकू म्हणाल्या, "तू लेकरू व्हतीस. मोठ्या माणसानं कुणी सांगितलं असतं तर..." त्या माणसाबरोबर त्यांनी इतकी वर्षं संसार केला. तरी गल्लीनं त्यांच्या मनात तेवढी फट पाडून ठेवली.

तेव्हा तुम्हाला सांगते. त्या दिवशी कठड्यावर बसलेल्या प्रत्येकाला, आणि किशोर, तुला पहिल्यांदा. शाल-नारळ घेऊन जाऊ नका, फोटोग्राफर नेऊ नका. काकूंच्या दारात जा आणि त्या दिवशी काय पाहिलं ते स्वतःच्या तोंडानं सांगा. याच आठवड्यात जा. त्यांना आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला.