एक छटा चढती

माझा स्वभाव मूळचाच संशयी, त्यात रेशमी साड्यांच्या फोटोंचं काम पत्करलं. आमच्या म्हैसूरचाच एक दुकानदार साडी आणि तिचा फोटो धाडायचा. साडीशी रंग जुळवून मी तो फोटो वेबसाइटसाठी परत द्यायचे. गिऱ्हाइकं साड्या परत करू लागली. फोटोत गडद, हातात फिकी. पुढचा गठ्ठाही असाच निघाला तर काम दुसरीकडे देईन, असं त्याने बजावलं. या कामाच्या भरवशावर मी नोकरी सोडून बसले होते.

पहिला संशय मॉनिटरवर. जवळच्या हिनकलच्या एका फोटोग्राफरकडून स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र आणलं. त्याने ते इतक्या खुशीने दिलं, की बिघडलेलंच असणार असं वाटलं. खिडक्या लावल्या, मॉनिटर तापू दिला, यंत्र पालीसारखं स्क्रीनवर लटकवलं. त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे चौकोन उमटत गेले आणि शेवटी सगळा स्क्रीन पिवळट, मंद झाला. पुन्हा केलं, तरी तेच. मग पोपटी भिंतीवर संशय आला. तिच्यावर पांढरी चादर टांगली. फोटो तरीही गडदच. मग दुकानदारच लबाड वाटू लागला. भाच्याला काम द्यायचं असेल मेल्याला!

आई कॉफी घेऊन आली. मी जांभळी साडी स्क्रीनशेजारी धरून रंग जुळवत होते, आणि जुळल्यावर शेवटी किंचित गडद करत होते.

"बरोबर आहे की गे," आई म्हणाली. "वाळल्यावर उतरतंय. सुम्ने, उगीच त्या मशीनला का शिव्या देतीस?"

"काय वाळतंय?"

"अय्यो, रंग!" म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली.

माझा हात थबकला. आम्ही पिढीजात रंगारी. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की रंग उतरतो. म्हणून रंगाच्या हंड्यातून काढताना एक छटा चढती ठेवायची, हे बाबांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. प्रत्येक फोटोला मी तेच करत होते.

सगळा गठ्ठा एकेक छटा उतरवला. आई चष्मा पुसून बघत राहिली.

"फिकं झालं गे. बाबा असते तर परत हंड्यात घातलं असतं."

मलाही तसंच वाटत होतं, आणि फार वाईट वाटत होतं. तरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने रंग जुळल्याचं कळवलं आणि नवा गठ्ठा धाडला. बाबांचं न ऐकता केलेलं माझं ते पहिलंच काम.