दाराची आतली बाजू

माणसांवरचा माझा राग जितक्या लवकर येतो तितक्याच लवकर उतरतो. एका घरावरचा राग मात्र मी परकरात होते तेव्हापासून जपून ठेवला होता. अंबाजोगाईच्या थोडं बाहेर, उतारावरच्या मळ्यातलं ते दगडी घर. हातभर जाड भिंती, वर मातीचं माळवद, पुढे लांबलचक ओटा आणि पितळी कड्यांचं दार. मागच्या दिवाळीनंतर एके दिवशी मोबाईलवर त्याच दाराचा फोटो समोर आला. कुणीतरी ते घर विकत घेऊन, नीट दुरुस्त करून, सुट्टीत राहायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायला काढलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘शहराच्या धावपळीपासून दूर, जुन्या काळात एक मुक्काम.’ मी तिथल्या तिथे शनिवारसाठी आतली मोठी खोली धरली. आबांना एकदा त्या खोलीत झोपवायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आमचं गाव तलवाड्याच्या बाजूला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमचं बिऱ्हाड चाऱ्याच्या मागे निघायचं आणि फिरत फिरत या मळ्यात यायचं. पीक निघालेल्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत मालकाच्या रानाला, आणि त्याबद्दल मालकाने आम्हाला ज्वारी द्यायची. मेंढरांभोवती जाळ्याची वाघर लागायची आणि आमची चूल लिंबाखाली पेटायची. घर अगदी समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तरी त्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेले नाही. आई ज्वारी आणायला जायची तीसुद्धा ओट्यापर्यंतच.

मला त्या घराचं भलतं वेड होतं. संध्याकाळी दार उघडं असलं की आतला कंदील दिसायचा, भिंतीतले कोनाडे दिसायचे, आणि कडी करकरायची म्हणजे आत झोपाळा असणार, असं मी धाकट्या भावाला ठासून सांगायचे. दार आतून कसं दिसत असेल याचा मी फार विचार करायचे. बाहेरून तर ते मला पाठ होतं.

मग ती गारपीट झाली. फाल्गुनातली संध्याकाळ, वारं सुटलं आणि गारा पडायला लागल्या. आम्ही ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसलो होतो. माझ्या मांडीत एक कोकरू होतं, नुकतंच जन्मलेलं, त्याची थरथर माझ्या पोटाला लागत होती. ताडपत्रीच्या फटीतून समोरचं दार दिसत होतं. ते सताड उघडं होतं आणि आत उजेड होता. आबा बाहेर, डोक्यावर घोंगडं घेऊन वाघरीपाशी उभे. आम्हाला आत कुणी बोलावलं नाही. एवढं मोठं घर, आणि ओट्यावरसुद्धा नाही. ही गोष्ट मी मोठेपणी इतक्या जणांना सांगितली आहे की माझ्या नवऱ्याला ती तोंडपाठ झाली आहे. मी ‘फाल्गुन’ म्हटलं की तो उठून चहा करायला जातो.

गेल्या वर्षी आबांच्या गुडघ्यांनी अगदीच दगा दिला, मेंढरं विकावी लागली, आणि मी त्यांना लातूरला माझ्याकडे आणलं. त्यांच्यासाठी वेगळी खोली केली, गादी आणली, पंखा लावला. आबा झोपतात गॅलरीत. थंडी असो, डास असोत, घोंगडं अंथरून गॅलरीत. शेजारच्या बाई मला दोनदा सहज म्हणून विचारून गेल्या, घरात जागा कमी पडते का. दोन्ही वेळा मी भांडी जरा जोरातच घासली. मला वाटायचं, जन्मभर लोकांनी बाहेर ठेवलं, म्हणून यांच्या अंगात बाहेर राहणंच मुरलंय. ज्या घराने बाहेर ठेवलं त्याच घरात एकदा ऐटीत झोपवलं की ही सवय मोडेल. माझ्या डोक्यात असे उपाय भराभर येतात.

आम्ही दोघंच गेलो. गाडी मीच चालवली. आबा पुढच्या सीटवर काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते आणि रस्त्याकडेची मेंढरं दिसली की मान वळवून पार दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

घराची देखभाल करणारे गृहस्थ फाटकाशी आले. पन्नाशीचे, बोलायला गोड, टी-शर्टवर घराचं चित्र छापलेलं. त्यांनी मला सगळं हिंडून दाखवलं. गोठ्याचं जेवणघर झालं होतं, गव्हाणीत कुंड्या मांडल्या होत्या. ज्वारी साठवायचं बळद, ज्यातून निघालेलं धान्य आई पदरात घेऊन यायची, त्याचं न्हाणीघर झालं होतं, गरम पाण्याच्या फवाऱ्यासकट. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. झोपाळा मात्र खरंच होता. मी त्यावर बसले, पायाने एक झोका घेतला, कडी करकरली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ बरोबर असता तर त्याला म्हटलं असतं, बघ, सांगितलं होतं की नाही. तो आता दूर सुरतेला असतो आणि फोन उचलत नाही.

आबा ओट्यावर बसले होते. आत या म्हटलं तर म्हणाले, “हितं बरं हाय.”

“आबा, खोली तर बघा. पलंग केवढा मोठा आहे.”

“पलंग कुठं पळून चाललाय. बसू दे की जरा.”

जरा म्हणता म्हणता ऊन उतरलं. मी चहा बाहेरच आणून दिला. पुढच्या रानात आता हिरवळ लावलेली, मधे झाडांना दिव्यांच्या माळा. लिंब तेवढा जागेवर होता, आणि त्याच्याखाली पाहुण्यांसाठी बाक. आबा त्या सगळ्याकडे बघत बसले होते. काय बघताय विचारलं तर म्हणाले, “माती लई चांगली हुती ही.”

दिवेलागणीला मी आत केस विंचरत होते, तेवढ्यात बाहेर आवाज चढलेले ऐकू आले. जाऊन बघते तर फाटक उघडंच, आणि त्याच्या तोंडाशी बाभळीचा भला मोठा काटेरी फांजर आडवा पडलेला. पलीकडे जेवणाचे डबे घेऊन आलेली मोटारसायकल उभी, अलीकडे आबा काठी टेकून, आणि मधे ते गृहस्थ. त्यांचं गोड बोलणं पार पळालं होतं.

“काका, हे कावून लावलं इथं? टायर फुटंल ना गाडीचं!”

आबा गोंधळून गेले होते. “सांज झाली म्हून लावलं,” म्हणाले. “फाटक उघडं हुतं.”

माझ्या लक्षात आलं. सांज झाली की वाघर नीट लागली की नाही बघायचं आणि मोकळ्या जागेत काटे सरकवायचे, लांडगा आत यायला नको आणि मेंढरू बाहेर जायला नको. हात आपोआप कामाला लागले होते. कुंपणापलीकडून ती फांदी ओढत आणताना त्यांच्या धोतराला काटे लागून चिरा पडल्या होत्या. मी त्या गृहस्थांवरच डाफरले. आम्ही भाडं भरलंय, म्हटलं, आमच्या वडिलांनी काटे लावले तर लावले, डबे इथूनच घ्या. ते बिचारे डबे घेऊन जेवणघरात ठेवायला गेले. नंतर मला त्यांची कीव आली, पण तोपर्यंत माझा रोख आबांकडे वळला होता.

“तुमी आत कावून येत न्हाई?” माझीही भाषा अशा वेळी गावाकडे पळते. “इतक्या लांब आणलं मी. ह्या लोकांनी तुमाला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. त्या गारपिटीत आमी मेलो असतो तरी कुणी दाराबाहेर आलं नसतं. अन् आता दार आपल्यासाठी उघडंय तर तुमी तिथंच बसताय!”

आबांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

“कोन म्हनलं?”

“काय कोन म्हनलं?”

“आलं न्हाई म्हून. मालक सोता आलते. डोक्यावर पोतं घिऊन, तशा गारांत. म्हनले, लेकराबाळाला घिऊन आत चल. मी म्हनलं, मालक, मेंढरं उघड्यावर अन् मी माळवदाखाली? मला झोप येईल व्हय? ते तर दर साली म्हनायचे, थंडीचं ओट्यावर तरी पड. मीच न्हाई गेलो.”

“आणि आई?”

“तुझ्या आईच्या हातात दोन कोकरं हुती. ती कशी जाईल? तुला न्यायला मालकीणबाई आलत्या. तू म्हनलीस, कोकरू घिऊन येते. त्या म्हनल्या, कोकरू ऱ्हाऊ दे, आत घान करील. मंग तू हटून बसलीस. सोडंचना त्याला. भावाला तुझ्या नेलं त्यांनी, दूध पाजलं, सकाळी आनून सोडलं. तुला याद न्हाई?”

मला काहीही आठवत नव्हतं. भाऊ ताडपत्रीखाली होता असं मी शपथेवर सांगितलं असतं. फक्त ते दार आठवत होतं, सताड उघडं. एवढ्या गारा पडत असताना लोक दार उघडं का ठेवतील, हा साधा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. भाऊ त्या घरात झोपला होता, आणि मी त्याला आतला झोपाळा समजावून सांगत होते!

मी ओट्यावर त्यांच्याजवळ बसले. हसू येत होतं आणि रडूही. “मग लातूरला गॅलरीत का झोपता?” मी विचारलं. “माझ्या घरी कुणी अडवलंय तुम्हाला?”

“मोकळ्यावर असलं म्हंजी ऐकू येतं,” आबा म्हणाले. “मेंढरू खोकलं, कुत्रं भुंकलं, समदं ऐकू येतं. आत काय कळतंय?”

हे बोलून ते एकदम थांबले. समोरच्या हिरवळीकडे बघत राहिले. झाडांवरच्या दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. रानात काही नव्हतं.

ते म्हणाले, “आता भायेर कोन हाय म्हना.”

मग काठीवर जोर देऊन उठले. हळूहळू फाटकापर्यंत गेले, बाभळीचा फांजर काठीने रेटत बाजूला केला, आणि परत आले. ओट्याखाली वहाणा काढल्या. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून काठी कुठे ठेवायची ते बघितलं आणि ती कोपऱ्यात नीट उभी केली. जेवण आम्ही आतच केलं. आबांनी भाकरी नेहमीसारखी चुरून खाल्ली, भाजी बरी आहे म्हणाले. मग त्या मोठ्या पलंगाच्या अगदी कडेला, पाहुण्याने झोपावं तसे झोपले.

मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. आबा त्या घरात, त्या खोलीत, माळवदाखाली होते. आणि मला वाटत होतं, यांनी आत्ता उठावं, घोंगडं उचलावं, माझ्यावर ओरडावं आणि बाहेर जाऊन झोपावं.

“आबा, दार उघडंच ठेवू ना?” मी विचारलं. “बाहेरचं ऐकू येईल.”

त्यांनी कूस बदलली.

“लावून घे, बाई,” म्हणाले. “ऐकायचं काय ऱ्हायलंय?”

मी उठले आणि ते पितळी कड्यांचं दार लावलं. आतल्या बाजूला साधी लाकडी फळी होती, तिच्यावर एक अडसर. तो मी सरकवला.