की-बोर्ड माझ्या मांडीवर होता

रस्त्यातलं उतरवलेलं लिंबू ओलांडून चहाला जाणारा, आणि परत येताना तेच लिंबू पोह्यांवर पिळावं का असा विचार करणारा माणूस मी. म्हणजे श्रद्धा नाही, अक्कलही बेताचीच. तरी हे लिहितोय...

एकोणनव्वदचा हिवाळा. जाफराबादला एका कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीला टेकून माझं टेप-टीव्ही दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. मोठा भाऊ, दादा, त्याच जिनिंगमध्ये फिटर. त्याच्या ओळखीनं मला लाईटही तिथलीच. मधल्या बोळीत बोर्ड — वर जिनिंगचा मोठा लोखंडी खटका, खाली माझा एवढुसा फ्यूज.

दादाला दोन नाद. एक, औरंगाबादहून जुना आणलेला घरगुती कॉम्प्युटर. वहीएवढा, रबरी बटणांचा. टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून भरायचे. दुसरा नाद वाईट. मशीनमध्ये कापूस अडकला की ते चालू ठेवूनच हातानं ओढायचा. बंद केलं तर मॅनेजरची बडबड.

"हात गमावशील एक दिवस," आई रोज म्हणायची.

"बारा वर्षं झाले माय, माझी अन् त्या मशीनची वळख हाय."

त्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. पहिली आयसी उलटी बसवली, धूर निघाला. दुसरी सुलटी बसवली आणि आठवडाभर गावात इंजिनिअरसारखा हिंडलो. मग एका सकाळी दादा कॉम्प्युटर काखेत मारून आला.

"पम्या, काय करून ठेवलं रे हे? मी टाईप करतो एक, अन् मधीच स्टॉप छापून येतं. तीन दिवस झाले."

"माझं काम बराबर हाय. तूच कापसाच्या हातानं बटणं दाबतो, आत रुई गेली असंल."

"मंग काढ तुझी रुई. मी चाललो, दोन नंबरचं मशीन अडकून राह्यलंय."

गेला. बाहीचे धागे लोंबणारा तो आईनं विणलेला स्वेटर अजून डोळ्यापुढे आहे.

मी कॉम्प्युटर उघडून टीव्हीला जोडला. पडद्यावर स्टॉप. थोडं थांबून पुन्हा स्टॉप. आता, त्या कॉम्प्युटरवर एकेका बटणावर अख्खे शब्द असत, आणि स्टॉप यायला दोन बटणं एकदम दाबावी लागत. एक बटण चिकटलं तर समजू शकतो. दोन, नेमकी एकाच वेळी, थांबून थांबून?

मी स्पिरिटनं पुसलं. स्टॉप. फुंकर मारली. स्टॉप. शेवटी वैतागून की-बोर्डला कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या दोन्ही पातळ पट्ट्या आतून उपटल्या आणि की-बोर्ड मांडीवर घेतला. आता एक अक्षरसुद्धा येणं शक्य नव्हतं.

स्टॉप.

मग न थांबता... स्टॉप स्टॉप स्टॉप, ओळीमागून ओळ. भरदिवसा, बाहेर जीपवाले जालन्याच्या सवाऱ्या ओरडतायत, आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळतोय. बंद करावं, तर माझ्याकडे प्लग कुठला? दोन उघड्या तारा सॉकेटमध्ये आगकाड्यांनी ठोकलेल्या. तिथं हात घालायची छाती झाली नाही. पळत बोळीत गेलो, बोर्डावरचं हाताला लागलं ते ओढलं.

आणि जिनिंगची घरघर थांबली.

घाबरून माझा फ्यूज सोडून मोठा खटका ओढला होता मी. संपलं... दादाची नोकरी घालवली.

"कोन हाय रे तो गाढव?" आतून मॅनेजर.

तो गाढव मीच, हे सांगायला आत गेलो. दोन नंबरपाशी दादा वाकून उभा होता. स्वेटरची बाही पट्ट्यात गुंडाळत गेलेली, मनगट पुलीला टेकलेलं. दोघा कामगारांनी ब्लेडनं बाही कापली. कातडी तेवढी सोललेली, बोटं पाचही जागेवर.

"कोणी बंद केलं?" दादानं विचारलं.

"मी."

"तुला कसं समजलं?"

की-बोर्ड अजून माझ्या हातातच होता. मी तो नुसता वर धरला. "हा स्टॉप-स्टॉप करत होता."

मला वाटलं हसेल. तो खाली बसला. "मला तर तो तीन दिवसांपासून सांगून राह्यलाय, पम्या."

नंतर जाणकार म्हणाले, मिलच्या लाईनचा झटका, किंवा तुझं सोल्डरिंग. माझ्या सोल्डरिंगवर कुठलाही आळ घ्यायला मी तयार आहे. पण खटका परत टाकल्यावर लाईन तीच होती, सोल्डरिंगही तेच, आणि स्टॉप मात्र पुन्हा आलं नाही. का, ते मला आजही माहीत नाही. त्या शब्दापेक्षा मला भीती वाटते ती याची, की त्या सकाळी मी चांगला मेकॅनिक असतो, तर ते वेळेत दुरुस्त केलं असतं.

पट्ट्या मी परत जोडल्या नाहीत. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तो कॉम्प्युटर मांडतो, हळदकुंकू लावतो आणि पाच मिनिटं चालू करतो. पडदा कोराच राहतो. दादा आता रिटायर झालाय, तरी दरवर्षी येऊन मागे उभा राहतो... आणि तेवढी पाच मिनिटं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवतो.