मधुमती वाहाने आणि न दिसणारी डिस्क

मधुमती वाहाने मूळच्या कामठीच्या. नवरा राजन मालगाडीवर गार्ड, त्यामुळे लग्नानंतर भुसावळ झालं, कोटा झालं, आणि आता जयपूर. कोट्यात क्वार्टरची फुटकी टाकी कोणी बदलून देईना, तेव्हा त्या साहेबांच्या केबिनसमोर बादली घेऊन कपडे धुवायला बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी टाकी आली. "हिले नाही म्हटलं की झालंच," असं राजन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

जयपुरात मराठी मंडळाच्या खोलीत त्या रविवारी सकाळी मराठीचा वर्ग घेतात. येणारे बहुतेक इथेच वाढलेले; घरातली मराठी कळते, बोलायला गेलं की जीभ अडखळते. एका विमा कचेरीनं काढून टाकलेला संगणक मंडळाला मिळाला होता. त्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत धडे लावून मधुमतीबाई वाचून घेत. यंदाच्या थंडीत त्याची हार्ड डिस्क गेली. धड्यांची प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण संगणक काही सुरू होईना.

मंडळाचे सचिव भगवानराव साताऱ्याचे, स्वभावानं वाईट नाहीत, पण व्यवहारी. ते म्हणाले, "वहिनी, तो डबा द्या भंगारात. रविवारी खोली चादरींच्या विक्रीला देऊ, सांगानेरचा एक व्यापारी मागतोय. इथली पोरं शेवटी हिंदीतच बोलणार."

"संगणक बंद पडला भाऊ, वर्ग नाही पडला," मधुमतीबाई म्हणाल्या आणि रिक्षात घालून ते धूड घरी घेऊन आल्या.

नवी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीशिवायची वेगवान डिस्क, आणायला त्या बाजारात गेल्या. दुकानदार हसला. "मैडम, इतनी पुरानी मशीन में ये चलेगी नहीं. नया कंप्यूटर ले लो."

"आप डिस्क दीजिए. चलाना मेरा काम है."

असली कामं त्यांनी कधी केली नव्हती. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला, पेटी उघडली, जुनी डिस्क काढली, नवी बसवली. दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली, घालायला घेतलं. कुठल्या डिस्कवर घालायचं, असं विचारणारा पडदा आला, आणि यादी रिकामी! नव्या डिस्कचं नावच नाही.

"खराब निघाली," राजन म्हणाले. "परत देऊन ये."

"न पाहताच?"

संगणक सुरू होताना एक कळ दाबून त्या आतल्या सेटिंगमध्ये शिरल्या. तिथंही डिस्क दिसेना. पुन्हा पेटी उघडली. वीज देणारी वायर घट्ट होती, माहिती नेणारी मात्र अर्धवट लोंबत होती. चूक त्यांचीच. दाबून बसवली, सेटिंगमध्ये डिस्कचं नाव आलं. त्या खुशीत पुन्हा लिनक्स घालायला गेल्या, तर यादी रिकामीच.

आता त्यांना राग आला. मशीनला डिस्क दिसते, मग लिनक्सला काहून नाही? म्हणजे डिस्क चांगली आहे, अडलंय मधेच कुठंतरी. मोबाइलवर शोधता शोधता सापडलं: कचेऱ्यांतल्या संगणकांत कधी कधी डिस्क 'रेड' पद्धतीनं जोडायची ठेवतात, आणि मग लिनक्सला ती दिसत नाही. आतल्या सेटिंगमध्ये त्याऐवजी 'एएचसीआय' निवडायचं.

"उगाच काही बदलू नको," राजन म्हणाले. "आहे तेही जाईल."

"कोऱ्या डिस्कवरून काय जाईन? बाजूला व्हा जी."

त्यांनी बदललं. या वेळी यादीत डिस्क हजर होती. राजन चहा ठेवायला उठले. सगळं चढलं, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि परत पहिल्यापासून 'भाषा निवडा'! मधुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं, पेन ड्राइव्ह अजून खुपसलेलाच आहे. मशीन त्याच्यावरूनच सुरू होतंय. उपटला. थोड्या वेळानं स्वच्छ निळा पडदा उघडला. त्यांनी पहिलं काय केलं, तर मराठी कळफलक जोडला आणि लिहिलं, 'मी कामठीची.'

रविवारी भगवानराव व्यापाऱ्याला घेऊन आले तेव्हा चादरींचे गठ्ठे दारात होते आणि खोलीत वर्ग भरलेला. बँकेत नोकरी करणारी प्रियंका, वर्गातली सगळ्यात मोठी, पडद्यावरचा धडा वाचत होती. 'आठवण' शब्दापाशी ती अडली.

"वहिनी, मी यांना शब्द दिलाय," भगवानराव हळूच म्हणाले.

"मग तुमचा शब्द व्हरांड्यात मांडा. ऊन चांगलं आहे तिथं."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी जोडाक्षरं आहेत."

व्यापारी या दोघांकडे बघत राहिला, मग त्यानं गठ्ठे उचलून व्हरांड्यात नेले. दिवसभर गिऱ्हाइकी बरी झाली. मधुमतीबाई मात्र दोनदा बाहेर येऊन बायकांना दरडावून गेल्या, "भाव हळू आवाजात करा, आत वाचणं चालू आहे."